मागचा पडदा : छायाचित्राच्या पार्श्वभूमीचा इतिहास

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासाविषयी बोलायचे म्हणजे राजे, लढाया, तह आणि चळवळी यांच्याविषयी बोलायचे, असा आपल्याकडे एक रिवाजच पडून गेला आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे, तो दप्तरखान्यात नाही; तो आपणा बहुतेकांच्या घरी भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. छायाचित्रातील माणसांच्या मागे जे दिसते, ज्याला आपण पार्श्वभूमी म्हणतो, तिचा हा इतिहास आहे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात निमोणे नावाचे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण शिरूर. जुनी माणसे त्याला अजूनही घोडनदी म्हणतात. या गावातील एका घराची आपण घटकाभर कल्पना करू. भिंतीवर आजोबा-आजींचा एक उभा फोटो आहे. १९६० च्या सुमारास शहरातून आलेल्या कोणा पाहुण्याने तो पडवीत काढला. आजोबा खुर्चीवर बसले आहेत, आजी डोक्यावरचा पदर सावरून शेजारी उभी आहे. मागे पडवीचा लाकडी खांब आहे, आणि फोटोच्या अगदी उजव्या काठावर त्या खांबाला धरलेला एका लहान मुलाचा हात दिसतो. मूल चौकटीच्या बाहेर राहिले. हात तेवढा आत आला.

नातवाने नवे घर बांधले आहे. त्याला हा फोटो दिवाणखान्यात आडव्या, मोठ्या चौकटीत लावायचा आहे. तो फोटो घेऊन तालुक्याच्या गावी दुकानात जातो. संगणकापुढे बसलेला तरुण म्हणतो, "दादा, फोटो उभा आहे आणि चौकट आडवी. दोन्ही बाजूंनी मागचं वाढवून देतो. कळणारसुद्धा नाही." आणि खरोखरच, चहा येण्याच्या आत ते काम होते. पडवी दोन्ही अंगांना लांब होते, भिंतीला भिंत जुळते, उजेडाला उजेड मिळतो. प्रश्न एवढाच उरतो की, त्या हाताचे काय झाले? एक तर यंत्राने तो पुसून टाकला असेल. नाहीतर त्या हाताला जोडून एक अख्खे मूल उभे केले असेल. त्या मुलाला चेहरा असेल, सदरा असेल, कदाचित हसूही असेल. मात्र ते मूल कधी जन्मालाच आलेले नसेल.

"कळणारसुद्धा नाही" हे जे त्या तरुणाचे सहज बोलणे, तेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे. मागचे दृश्य बदलण्याची, वाढवण्याची, निराळे लावण्याची हौस संगणकाबरोबर आलेली नाही. ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. नवे जर काही असेल तर ते निराळेच आहे, आणि ते कोणते हे जुना इतिहास पाहिल्याशिवाय उमगत नाही.

जागा का अपुरी पडते?

प्रथम साधा हिशेब पाहू. ज्या फिल्मवर विसाव्या शतकातील बहुसंख्य फोटो निघाले, त्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्राचे माप ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे तीनास दोन. पण भिंतीवर लावण्याची एक प्रचलित चौकट आठ बाय दहा इंचांची, म्हणजे पाचास चार. ही दोन मापे एकमेकांत बसत नाहीत. फोटो पूर्ण ठेवावा तर चौकटीचा सहावा हिस्सा रिकामा राहतो. चौकट भरावी तर फोटोचा सहावा हिस्सा कापावा लागतो. आपल्याकडे फ्रेमवाल्याने कात्री घेऊन मूळ फोटोच कापल्याची उदाहरणे कमी नसतील. कडेला उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा खांदा, दाराची चौकट, अंगणातली तुळस असे काय काय त्या कातरणात केराच्या टोपलीत गेले असेल, देव जाणे.

आजच्या मोबाइलचा फोटो तर याहून अडचणीचा. तो उभा धरून काढला तर रुंदी नऊ आणि उंची सोळा या प्रमाणात येऊ शकतो. दूरदर्शन संचाचा पडदा किंवा चौकात लावायचा फलक नेमका उलटा, सोळा रुंद आणि नऊ उंच. उंची तेवढीच ठेवून उभे चित्र आडव्या चौकटीत बसवले, तर चौकटीचा सुमारे ३२ टक्के भागच खऱ्या चित्राने व्यापला जातो. उरलेले ६८ टक्के कोठून तरी आणावे लागतात. म्हणजे आपण ज्याला 'थोडे मागचे वाढवले' म्हणतो, त्यात दोन तृतीयांशाहून अधिक चित्र कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते! हा आकडा ध्यानात ठेवून आपण आता मागे जाऊ.

रंगवलेला पडदा

१८३९ साली फ्रान्समध्ये डागेरची पद्धती जाहीर झाली आणि छायाचित्रणाचा जन्म झाला असे आपण मानतो. त्या काळात माणसाला काही सेकंद, कधी कधी त्याहून अधिक, निश्चल बसावे लागे. मानेमागे लोखंडी आधार लावीत. उजेड हवा म्हणून काचेच्या छपराची खोली हवी. म्हणजे फोटो काढायचा तो घराबाहेर, परक्या जागी. मागे कोरे कापड किंवा उघडी भिंत. माणूस आपल्या जगातून उचलून त्या कापडापुढे बसवला की तो उपरा दिसू लागे. ही उणीव लगेच जाणवली. लंडनमध्ये धंदा करणाऱ्या आंत्वान क्लॉदे या फ्रेंच गृहस्थाने १८४१ मध्येच रंगवलेले पडदे मागे लावण्याच्या कल्पनेचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. छायाचित्रण जेमतेम दोन-अडीच वर्षांचे झाले होते, तोच पार्श्वभूमीची दुरुस्ती सुरू झाली होती!

ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असे कोणी समजू नये. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे तिच्याशी निगडित होते. नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळावर होते आणि उत्तम छायाचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. हिंदी माणसाने चालवलेल्या पहिल्या काही स्टुडिओंत त्याची गणना होते. १८९६ मध्ये हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही मुंबईत शाखा उघडली. राजेरजवाडे, व्यापारी, वकील असे सगळे तेथे कॅमेऱ्यापुढे बसू लागले.

या स्टुडिओतील पडद्यांचे मराठी रंगभूमीच्या पडद्यांशी जवळचे नाते आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नाटक मंडळ्यांबरोबर राजवाड्याचे, अरण्याचे, रस्त्याचे, बागेचे पडदे गावोगाव हिंडू लागले. पडदा रंगवणारा चित्रकार हा एक नवा व्यावसायिक उदयास आला. नाटकातला महाल आणि फोटोतला महाल एकाच प्रकारच्या कुंचल्यातून उतरत होता.

या नात्याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा पुरुष मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला. गोध्र्यास त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल नेले. ते गाव सुटले. बडोद्यास पुन्हा स्टुडिओ घातला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक येईना. तेव्हा दादासाहेबांनी पोटासाठी काय केले? नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला घेतले. मागचा पडदा आणि पुढचा कॅमेरा असे दोन्ही ज्याने हाताळले होते, त्याच माणसाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणावा हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

कोल्हापुरातही हेच घडले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवण्यात नाणावलेले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये 'सैरंध्री' दाखवला. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पडदे रंगवण्यात ज्याचा हातखंडा, त्याच बाबूरावांनी चित्रपटात सपाट पडद्याच्या ठिकाणी खरी खोली असलेले, लांबी-रुंदी-उंचीचे देखावे उभारण्याचा आग्रह धरला. का? रंगभूमीवर प्रेक्षक पडदा हा पडदा म्हणूनच पाहतो. परंतु कॅमेऱ्याच्या चित्रात माणूस मात्र आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला बसलेला असतो. छायाचित्राशी आपला हा जो विश्वासाचा करार आहे, तो या चित्रकाराने नेमका ओळखला होता.

स्टुडिओतला आणि जत्रेतला पडदा मात्र टिकून राहिला. ताजमहाल, तळे, वळणाचा जिना, लाकडी मोटार, पुठ्ठ्याचे विमान! ज्याने जन्मात आगगाडी पाहिली नाही, तो विमानात बसून फोटो काढून घेई. यात खोटेपणा होता काय? होताही आणि नव्हताही. पडद्याची सुरकुती दिसे, खालची कड दिसे, कधी कधी विमानाच्या खिडकीतून काढलेले डोके विमानापेक्षा मोठे दिसे. कोणी फसत नसे. आणि कोणत्या पडद्यापुढे उभे राहायचे, हे ज्याचा फोटो तोच ठरवीत असे. रंगवलेला पडदा खोटा होता, पण फसवा नव्हता. तो एका गरीब माणसाने उघडपणे मांडलेली इच्छा होता.

ग्रँट रोडवरचे कातरकाम

याच काळात दुसरीही एक परंपरा चालत होती. तिचे हत्यार कुंचला नव्हे, कात्री. १८५१ पासून काचेवर कलोडियनचा ओला लेप देऊन निगेटिव्ह काढण्याची पद्धत रूढ झाली. हा लेप निळ्या रंगाला नको तितका संवेदनशील; त्यामुळे जमीन नीट यावी म्हणून थांबावे, तर आभाळ पांढरेफटक होऊन जाई. यावर फ्रान्समधील ग्युस्ताव ल ग्रे याने तोड काढली. त्याने समुद्र एका काचेवर घेतला, ढग दुसऱ्या काचेवर, आणि दोन्ही एका कागदावर छापले. इंग्लंडमध्ये १८५७ साली ऑस्कर रेलांडर याने तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र केले. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र जुळवले, तेव्हा लोक हळहळले आणि चिडलेही. शोक खरा, की केवळ जुळवणी, असा वाद त्या वेळीच झाला.

ही कात्री आपल्या मुंबईतही चालली, आणि आपल्याच लोकांच्या चित्रांवर चालली. विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज मुंबईस सरकारी नोकरीत होता. त्याने ग्रँट रोडवर स्टुडिओ काढला. फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी तो एक. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम हेंडरसनसमवेत त्याने छायाचित्रांचे एक नियतकालिक प्रसिद्ध केले. त्यात मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांचे फोटो होते. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये याच कामातून लंडनला दोन खंडांचा ग्रंथ निघाला. 'मुंबईचे रहिवासी आणि पाहुणे असलेले पौर्वात्य वंश व जमाती' असे त्याच्या नावाचे मराठीत सांगता येईल.

या ग्रंथाची मौज, किंवा मेख म्हणा, अशी की, पुष्कळ पानांवरील माणसे आणि त्यांच्या मागचा देखावा यांची कधी भेटच झालेली नाही. माणसे एका ठिकाणी बसवून फोटो घेतले. देवळे, रस्ते, इमारती, झाडी यांचे फोटो निराळे घेतले. आणि मग माणसांच्या आकृती कातरून त्या देखाव्यांवर चढवल्या. बारकाईने पाहिले तर काही पानांवर सांधा जाणवतो. आकृतीवरचा उजेड एकीकडचा आणि मागचा दुसरीकडचा. माणसाचे माप एक आणि इमारतीचे दुसरे.

हे का केले असावे? कोऱ्या कापडापुढची माणसे नमुन्यासारखी दिसतात. मागे देखावा आला म्हणजे ती 'आपापल्या ठिकाणी' दिसतात. विलायतेतल्या वाचकाला वाटावे की, हे लोक असेच राहतात, येथेच उभे असतात, आणि फोटोवाला सहज तेथून चालला होता. पाहा, जत्रेतला शेतकरी स्वतःच्या खुशीने विमानात बसत होता. जॉन्सनच्या पानावरील माणसाला आपण कोणत्या देवळापुढे उभे केले जाणार आहोत, याचा पत्ताही नसावा. पार्श्वभूमी कोणी निवडली, ती कोणासाठी निवडली, आणि पाहणाऱ्याला ते सांगितले की नाही, या तीन प्रश्नांवर सारे अवलंबून आहे. हे तीन प्रश्न आपण हाती धरून ठेवू. पुढे त्यांचा उपयोग होईल.

१८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. राज्यकारभारासाठी प्रजेची ओळख पटावी, असा त्यामागचा हेतू होता. छायाचित्र आता पुरावा म्हणून मानले जाऊ लागले होते. पुरावा म्हटला की मागचा देखावा ही केवळ सजावट राहत नाही; ती साक्ष होते. आणि साक्ष जर कातरून चिकटवलेली असेल, तर तीवर निर्णय देणारा चुकणारच.

कात्रीपासून संगणकापर्यंत

यानंतरचा शतकभराचा इतिहास मी झपाट्याने सांगतो. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर पेन्सिलीने व शाईने दुरुस्ती करणारा कारागीर, ज्याला आपण रिटचिंग म्हणतो ते करणारा, हा प्रत्येक गावच्या फोटोवाल्याचा उजवा हात होता. गेलेल्या माणसाचा एकमेव फोटो एखाद्या घोळक्यात असे. त्यातून तेवढा चेहरा काढून, मोठा करून, मागे पांढरा धूर भरून तो तसबिरीत बसवीत. कितीतरी घरांत आजोबांचे एकमेव दर्शन अशाच रीतीने वाचले आहे. या कारागिरांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

१९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' या प्रसिद्ध मासिकाने इजिप्तच्या पिरॅमिडांचा एक आडवा फोटो आपल्या उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. चार हजारांहून अधिक वर्षे जे हलले नव्हते, ते चौकटीच्या सोयीसाठी हलले! त्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्या निमोण्याच्या नातवाची अडचण आणि त्या मासिकाची अडचण एकच होती, हे येथे सांगायला नको.

पुढे थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी तयार केलेले 'फोटोशॉप' हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने बाजारात आणले. त्यात चित्राचा एक भाग उचलून दुसरीकडे ठशासारखा उमटवण्याची सोय होती. भिंत वाढवायची तर भिंतीचाच तुकडा उचलून शेजारी लावायचा. काम हाताचे, नजरेचे आणि चिकाटीचे. आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा आला म्हणजे चाणाक्ष डोळ्याला चोरी सापडे.

मग गणितज्ञ पुढे सरसावले. १९९९ मध्ये एफ्रोस आणि लिउंग यांनी एक युक्ती मांडली. रिकाम्या जागेतला प्रत्येक ठिपका भरताना त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहायचे, तसे शेजारी मूळ चित्रात कोठे आहेत ते शोधायचे, आणि तेथला ठिपका आणून बसवायचा. २००७ मध्ये आव्हिदान आणि शमीर यांनी निराळी वाट काढली. चित्रातील ज्या वाकड्यातिकड्या रेघांत पाहण्याजोगे काही नाही अशा रेघा हुडकायच्या. चित्र अरुंद करायचे तर त्या काढायच्या, रुंद करायचे तर तशाच आणखी घालायच्या. त्यामुळे माणूस न ताणता आभाळ तेवढे ताणले जाते. २०१० पर्यंत या जातीच्या युक्त्या सामान्य फोटोवाल्याच्या हाती फोटोशॉपमधून आल्या. तथापि या सर्वांची एक मर्यादा होती. नवी जागा भरायला माल लागे तो त्याच फोटोतला. घरचेच धान्य घरच्याच कणगीत.

ही मर्यादा अलीकडे मोडली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डाल-ई या यंत्रणेने चित्र चौकटीबाहेर वाढवून देण्याची सोय लोकांपुढे ठेवली. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्येही तशी सोय आली. येथे यंत्राला आधी असंख्य चित्रे दाखवून तयार केलेले असते. रिकाम्या जागी ते प्रथम नुसता ठिपक्यांचा गोंधळ घालते, आणि मूळ चित्राच्या कडांशी जुळेल असे पाहत तो गोंधळ पायरीपायरीने निवळत नेते. शेवटी पडवी तयार होते. पण ती निमोण्याची पडवी नसते. जगातल्या पडव्या साधारण जशा असतात, तशी ती असते. खांबापलीकडे काय होते हे यंत्र सांगत नाही. खांबापलीकडे बहुधा काय असते, हे ते सांगते. 'होते' आणि 'असू शकते' या दोन क्रियापदांत जेवढे अंतर, तेवढेच इतिहास आणि कल्पित यांत अंतर आहे.

आता ते तीन प्रश्न या यंत्राला विचारून पाहू. पार्श्वभूमी कोणी निवडली? फोटोतल्या माणसाने नाही, फोटोवाल्यानेही पुरती नाही. कोणासाठी? चौकट भरण्यासाठी. पाहणाऱ्याला सांगितले काय? बहुधा नाही; कारण न कळणे हाच या कामाचा गुण समजला जातो. रंगवलेल्या पडद्याला सुरकुती होती, जॉन्सनच्या कात्रीला सांधा होता, ठशाला पुनरावृत्ती होती. प्रत्येक जुन्या लबाडीने आपली खूण मागे ठेवली होती. नवे काय आहे म्हणून जे आपण शोधत होतो, ते हेच होय : खूण नाहीशी होत चालली आहे.

मग करावे काय?

यावर कोणी म्हणेल, एका घरगुती फोटोसाठी एवढा काथ्याकूट कशाला? मला हा आक्षेप मान्य नाही. मोठ्या शहरांचा इतिहास कागदपत्रांत राहतो. लहान गावाचा पुष्कळसा इतिहास घराघरांतील पाच-पन्नास फोटोंत असतो, आणि तोही माणसांच्या चेहऱ्यांत कमी, कडेला जास्त. पडवीचा खांब कसा होता, छप्पर कौलाचे होते की धाब्याचे, दारात बैल होते की नव्हते, हे फोटो काढणाऱ्याने मुद्दाम टिपलेले नसते. ते आपोआप आलेले असते, म्हणूनच विश्वासार्ह असते. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड नदीवर धरण झाले. धरणापूर्वीच्या नदीकाठाचा चतकोर तुकडा जर कोणाच्या लग्नाच्या फोटोत मागे दिसत असेल, तर तो तुकडा त्या भागाच्या इतिहासाचे साधन आहे. आणि त्या तुकड्याच्या शेजारी यंत्राने दुसऱ्याच कोणत्या तरी नदीचा काठ बेमालूम जोडला, तर पन्नास वर्षांनी खरा किती आणि जोड किती हे कोण सांगणार?

याउलट, नातवाची इच्छाही मी हलकी लेखत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना ऐसपैस जागेत बसलेले पाहावे, ही इच्छा निर्मळ आहे. एखाद्या घरी वडिलांचा केवळ ओळखपत्रावरचा, निम्म्यावर शिक्का बसलेला फोटो शिल्लक असतो. तो शिक्का काढून, मागे थोडी मोकळी जागा देऊन मुलाने तो भिंतीवर लावला, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? कापण्यापेक्षा वाढवणे एका अर्थी बरेही; कापल्याने खरे हरवते, वाढवल्याने खऱ्याच्या शेजारी खोटे येऊन बसते. मूळ प्रत शाबूत असेल, तर दुसरा अपराध निस्तरता येतो. पहिला येत नाही.

या पेचातून वाट कशी काढावी, याचा एक नमुना जुन्या चित्रांची निगा राखणाऱ्यांनी घालून दिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतील भित्तिचित्रांची बॉम्बहल्ल्यांत फार नासधूस झाली. रोममधील चेझारे ब्रांदी या पंडिताच्या मार्गदर्शनाखाली तेथील कारागिरांनी रीत अशी पाडली की, चित्राचा जो भाग नष्ट झाला असेल तो बारीक उभ्या रेघांनी भरावा. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसावे. जवळ जाणाऱ्याला मूळ कोठे संपले आणि भर कोठे सुरू झाली, ते स्पष्ट दिसावे. मला ही रीत शहाणपणाची वाटते. तीत डोळ्यांचे समाधानही आहे आणि सत्याचा मानही.

आपणही एवढे सहज करू शकतो. पहिले, मूळ फोटोला कात्री लावू नये. तो स्कॅन करून ती प्रत आणि मूळ कागद दोन्ही निराळी जपावीत. दुसरे, वाढवलेल्या फोटोच्या पाठीमागे, मूळ फोटो किती होता आणि कोणत्या साली कोणत्या बाजूने वाढवला, हे दोन ओळींत लिहावे. शक्य तर मूळ फोटोची लहान प्रत त्याच चौकटीच्या पाठीला चिकटवावी. तिसरे, गावाच्या किंवा शाळेच्या स्मरणिकेत, जेथे फोटो हा पुरावा म्हणून छापला जातो, तेथे वाढवलेला फोटो देऊच नये. कोरी जागा राहिली तर राहू द्यावी. संगणकाच्या कंपन्यांनीही चित्रात केलेले फेरफार चित्राबरोबरच नोंदवून ठेवण्याचे प्रयत्न २०१९ पासून आरंभिले आहेत. ते सफळ होवोत. परंतु चौकटीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळींना विजेचीही गरज लागत नाही.

शेवटी पुन्हा त्या पडवीत जाऊ. नातू वाढवलेला फोटो घेऊन घरी येतो आणि तो आपल्या थोरल्या आत्याला दाखवतो. आत्याचे वय झाले आहे, तरी नजर शाबूत आहे. ती आधी आजोबांकडे पाहत नाही, आजीकडेही नाही. तिची नजर उजव्या काठाला जाते, आणि ती विचारते, "अरे, खांबाला धरलेला हात कुठं गेला?" कारण तो हात तिचाच होता. तिला फोटोसाठी पुढे बोलावले नव्हते, म्हणून ती कडेला उभी राहून पाहत होती, आणि तेवढाच तिचा त्या काळचा पुरावा होता.

हे उदाहरण कल्पित आहे, हे मी आरंभीच सांगितले. परंतु आपापल्या घरी गेल्यावर भिंतीवरच्या जुन्या फोटोंच्या कडा एकदा नीट पाहा. तेथे कोणाचा हात, कोणाची सावली, कोणाच्या पदराचे टोक आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि मिळेल ते नाव फोटोच्या मागे लिहून ठेवा. चौकटीबाहेर कोण होते, हे यंत्राला विचारण्याआधी ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांना विचारावे. ती माणसे आपल्याला फार दिवस लाभणार नाहीत.